सदनिका-खरेदी : विधी आणि निषेध

सदनिका घेण्यासाठी साडेतीन मुहूर्तांपैकी एक निवडावा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा उत्तम. अर्ध्या मुहूर्तावर फार तर पार्किंग बुक करावे. मुहूर्ताच्या दिवशी साइट ऑफिसात इतकी गर्दी असते की कुणाला काही विचारायची सोयच उरत नाही. हे शुभ समजावे. पितृपंधरवडा मात्र कटाक्षाने टाळावा. तेव्हा ऑफिस ओस असते, विक्री-अधिकारी मोकळा असतो, महिन्याचे टार्गेट अपुरे असते आणि तो भाव कमी करायला तयार होण्याचा धोका संभवतो.

प्रस्तुत मार्गदर्शन पुण्याच्या कडेकडेने उगवणाऱ्या टॉवरांतला टू बीएचके डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. ग्राहकाने एकच ध्येय ठेवावे : आपला आनंद टिकवणे. आनंद कागदाने जातो, म्हणून कागद शेवटी बघावेत. जमल्यास बघूच नयेत.

प्रथम जाहिरात. तिच्यात धबधबा, योगासने करणारी बाई आणि एक परदेशी कुत्रा असतो. यांपैकी काहीही तुम्हाला मिळणार नसले तरी त्यांच्याकडेच बघावे. कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट दिसेल. तो महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो छापणे सक्तीचे आहे. मोबाइल त्याच्यासमोर धरला की प्रकल्पाच्या नोंदणीचे पान उघडते आणि त्यावरून ताबा कधी द्यायचे कबूल केले आहे, मंजूर नकाशे कोणते, कोर्टात दावे किती, असल्या रसभंग करणाऱ्या गोष्टींचा पत्ता लागतो. चौकटीला नक्षीकाम समजून पान उलटावे.

नंतर सॅम्पल फ्लॅट. चपला काढून आत जावे, सरबत घ्यावे. खोल्यांना दारे नसतात, त्यामुळे दार उघडल्यावर कपाटाला धडकते का हे कळत नाही. पलंग सुबक असतो. त्याच्यावर आडवे होऊ नये, पाय बाहेर येतात. समोरची भिंत आरशाची असल्याने हॉल दुप्पट दिसतो आणि त्यात तुम्हीही दुप्पट आनंदी दिसता. खिशातून मोजपट्टी काढणे हा असभ्यपणा होय. आईचे गोदरेजचे कपाट कुठे ठेवायचे, हा प्रश्न आईला तरी विचारू देऊ नये.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मन मोठे ठेवावे. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या बांधून दिली आहे : आतल्या भिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. परंतु विक्री-अधिकारी कार्पेटमध्ये बाल्कनी, ड्राय बाल्कनी आणि स्वतःचा उत्साह मिळवून एक गोल आकडा सांगतो. तोच पाठ करावा. नातेवाइकांना सांगताना त्यात आणखी शंभर चौरस फूट घालण्याची मुभा आहे.

आता वास्तुशास्त्र. येथे मात्र ग्राहकाने कमालीची चिकित्सा करावी. मोबाइलमधले होकायंत्र उघडून ईशान्य कुठे, आग्नेय कुठे, शेगडीसमोर उभे राहिल्यावर तोंड पूर्वेला होते का, संडास नैऋत्येला तर नाही ना, हे तासभर तपासावे. एका अंशाचीही तडजोड करू नये. गरज पडल्यास गावाहून काकांना बोलवावे. त्याच मोबाइलवर महाभूलेखही उघडते आणि जमिनीचा सातबारा घरबसल्या दिसतो. पण ते उघडू नये. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. त्यात कुणा बहिणींची नावे, एखादे कूळ, सोसायटीचा बोजा अशी मंडळी वर्षानुवर्षे शांतपणे बसून असतात. कधी धारणा प्रकारासमोर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेले असते. म्हणजे त्या जमिनीच्या हस्तांतरावर सरकारची बंधने आहेत आणि परवानगी झाली का, हे विचारणे आले. फेरफार वाचायला लागलात तर तीन पिढ्यांची भांडणे समजतात. काकांचे लक्ष तिकडे गेलेच, तर त्यांना ईशान्येकडे वळवावे.

वकील लावू नये. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला तो पैसे मागेल, आणि सदनिकेच्या किमतीत हे पैसे दिसणारही नाहीत इतके थोडे असल्याने ते फार वाटतात. ‘बँकेने कर्ज मंजूर केलंय, म्हणजे सगळं क्लिअर असणार’ हा मंत्र म्हणावा. बँक कागद तपासते ते तिच्या कर्जापुरते, ही शंका मनात आणू नये.

बुकिंगच्या वेळी ‘आजच वीस टक्के भरलेत तर मॉड्युलर किचन फ्री’ असे सांगितले जाईल. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे. परंतु किचन पांढरे आणि चकचकीत आहे. चेक फाडावा.

मुद्रांक शुल्काविषयी घरात चर्चा होईल. पुणे महापालिका हद्दीत ते एकूण सात टक्के, वर नोंदणी फी, जास्तीत जास्त तीस हजार. घर केवळ बाईच्या नावावर घेतले तर एक टक्का सूट आहे, म्हणजे ऐंशी लाखांच्या घरावर ऐंशी हजार रुपये. मात्र जोडीला नवऱ्याचे नाव घातले की सूट जाते. ऐंशी हजार की नाव, यावर पुरुषवर्गाने सखोल विचार करावा. तो करताना चेहरा हिशेबी ठेवावा. (सासूबाईंना या चर्चेत घेऊ नये. घेतल्यास तिसराच पक्ष निर्माण होतो.)

पार्किंगचे वेगळे पैसे मागितल्यास द्यावेत. उघडी किंवा इमारतीच्या खांबांमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. न्यायालय दिल्लीत आहे आणि तुमची गाडी पुण्यात.

स्विमिंग पूल किती मीटरचा, हे अवश्य विचारावे. नळाला पाणी किती वेळ येते, हे विचारू नये. वाघोलीत किंवा उंड्रीत राहणाऱ्या कोणालाही विचारले तर तो टँकरचे बिल दाखवेल, म्हणून त्यालाही विचारू नये.

भोगवटा प्रमाणपत्र हा विषय निघाल्यास ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर पूर्ण मानावे. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत परवानगी पाच मजल्यांची होती आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. लोक तिथे भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वर्षानुवर्षे राहिले, मुले मोठी केली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे बेकायदा मजले पाडायला सांगितले आणि पुढच्या वर्षी पालिकेने वीज, पाणी, गॅस तोडला. पण ते मुंबईचे झाले. पुणेकराने मुंबईपासून धडा घेतल्याचे उदाहरण नाही.

ताबा लांबला तर भाडे आणि हप्ता दोन्ही भरत हसतमुख राहावे. तारीख उलटल्यापासून प्रत्येक महिन्याचे व्याज ग्राहकाला मागता येते, हे खरे. पण बिल्डरचा माणूस फोनवर ‘दादा, तुमच्यासाठीच चाललंय सगळं’ म्हणतो, तेव्हा व्याजाचे नाव काढणे बरे दिसत नाही. शेवटी ‘फिट-आउटसाठी’ म्हणून किल्ली मिळते. वास्तुशांत करावी, पुरणपोळी करावी, फोटो ग्रुपवर टाकावेत.

पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल येईल. बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत लेखी कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. यासाठी पहिल्या वर्षी ओलीवर कॅलेंडर लावावे. दुसऱ्या वर्षी कॅलेंडरच्या जागी मोठे घड्याळ. तिसऱ्या वर्षी रंग द्यावा, चौथ्या वर्षी कपाट सरकवावे, पाचव्या वर्षी सोसायटीच्या सभेत नुसते तोंडी बोलावे. सहाव्या वर्षी सविस्तर पत्र लिहावे, फोटो जोडावेत, आणि पोच घ्यायला विसरू नये.