जीबी निघेना, यूके चिकटेना

आमचे भाऊजी मूळचे सातारचे, पण उभा जन्म इंग्लंडात रेडिंगला गेल्यामुळे त्यांना कायदा पाळायची सवय लागली आहे. ताईच्या मते हे दुखणं आता बरं होणारं नाही. २०२२च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तिघांनी गाडी घेऊन उत्तर स्पेनला जायचं ठरलं. भाऊजी गाडी चालवणार, ताई रस्ता सांगणार आणि मी मागे बसून मत देणार, अशी कामांची वाटणी झाली. मला गाडी चालवता येत नाही. मत देता येतं. जन्म पुण्याचा आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी सरकारी नियम वाचत बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "आपलं जीबी रद्द झालंय."

"म्हणजे? औषध आहे का घरात?" मी विचारलं.

जीबी म्हणजे गाडीच्या मागचा तो पांढरा लंबगोल. परदेशात गाडी नेली तर ती कुठली हे कळावं म्हणून १९०९ साली पॅरिसला देशांनी करार केला. तीस सेंटिमीटर रुंद, अठरा उंच लंबगोल पाटी आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं, असं त्यात ठरलं. ब्रिटननं १९१०मध्ये जीबी घेतलं. आपल्यालाही आधी बीआय, म्हणजे ब्रिटिश इंडिया होतं. इंग्रज गेले आणि आयएनडी आलं. तर हे शंभरावर वर्षं चाललेलं जीबी ब्रिटिश सरकारनं २८ सप्टेंबर २०२१ला बदलून यूके केलं. ग्रेट ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंड येत नाही, युनायटेड किंग्डममध्ये येतं. उत्तर आयर्लंडवाल्यांचा मान राहिला हे चांगलंच झालं, पण त्या मानाचा सगळा भार रेडिंगच्या एका अंगणात माझ्या नखांवर आला.

नियमात लिहिलं होतं की जुना स्टिकर झाका किंवा काढा. झाकायला दहा सेकंद लागली असती. भाऊजींनी 'काढा' निवडलं.

पहिला तास नखांनी गेला. मग हेअर ड्रायर आला. ताईनं स्वयंपाकघरातून उलथनं दिलं आणि "ते धिरड्यांचं आहे, लक्षात ठेव," असं बजावून गेली. कडा सुटेना तेव्हा मी खोबरेल तेल सुचवलं. भाऊजींनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. तेलानं जीबी निघालं, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या साली होऊन. जी रात्री साडेनऊला, बी दहाच्या पुढे. आणि खाली काय, तर लालभडक लंबगोल! बाकीची गाडी वर्षानुवर्षांत फिकी गुलाबीसर झाली होती, स्टिकरखालचा रंग तेवढा शोरूममधला. इंग्लंडात ऊन पडतं याचा मी पाहिलेला हा एकमेव पुरावा.

भाऊजींनी आणलेला यूकेचा स्टिकर चुंबकाचा होता. तो त्यांनी गाडीला लावला. तो पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला. मागचं दार लोखंडाचं नाहीच, प्लास्टिकचं आहे, हा शोध इतकी वर्षं हप्ते फेडून झाल्यावर त्यांना लागला. चुंबक शेवटी आमच्या ताईच्या फ्रिजवर गेला. तिथं तो उत्तम चिकटला. फ्रिज आता कायदेशीररीत्या स्पेनला जाऊ शकतो.

"नंबरप्लेटवर आहे की जीबी," मी म्हटलं. होतंच, युरोपच्या ताऱ्यांखाली, निळ्या पट्टीत. त्या वेळी मला काय माहीत, की ती प्लेट गाडीवर राहिली तरी चालते, पण तिच्यासोबत यूकेचा स्टिकर लागतो! शिवाय स्पेन, सायप्रस आणि माल्टा असे तीन देश आहेत, की जिथं प्लेटवर काहीही छापलेलं असो, वेगळा स्टिकर हवाच. आणि आम्ही नेमके त्यातल्या स्पेनला निघालो होतो. भाऊजींनी हे सगळं मला उभं राहून वाचून दाखवलं. पुण्यात ४१४१चा दादा होतो, २१४चा राम होतो, ८०५५चा बॉस होतो आणि कुणी विचारत नाही. असो.

पहाटे पोर्ट्समथच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर चिकटणारा यूके मिळाला. पावसात, भाऊजींनी छत्री धरलेली आणि मी गुडघ्यावर, असा तो लागला. किंचित डावीकडे कललेला आणि लाल लंबगोलापेक्षा लहान. म्हणजे आता मागून पाहिलं तर ताऱ्यांखाली जीबी, वर यूके आणि यूकेभोवती गेलेल्या जीबीचं भूत.

इथे मला थोडं चिडायचं आहे. गाडीला देश बदलायला दोन अक्षरं आणि एक पेट्रोल पंप पुरला. मला त्याच स्पेनला जायला बँकेचे उतारे, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, हॉटेलांची आरक्षणं, दहा बोटांचे ठसे आणि मी परत येईन अशी खात्री पटवणारं पत्र द्यावं लागलं. गाडी परत येईल का, हे कुणी विचारलं नाही.

बोटीत बिस्केच्या उपसागरानं आम्हाला यथास्थित हलवलं. सांतांदेर सुंदर आहे. अल्तामिराच्या गुहेची प्रतिकृती पाहिली, खरी जपून ठेवलेली असते. बिल्बाओचं गुगेनहाइम चकचकीत आहे आणि त्याच्या दारातला फुलांचा कुत्रा मला आतल्या सगळ्यापेक्षा आवडला. भाऊजी प्रत्येक ठिकाणी आधी गाडीमागे जाऊन स्टिकर आहे ना ते बघत. ज्या पोलिसासाठी हे सगळं केलं, तो आम्हाला कुठेही भेटला नाही.

भेटला तो अस्तुरियासमधल्या एका डोंगराळ गावातला म्हातारा. आम्ही चौकात गाडी लावली होती. तो काठी टेकत गाडीमागे गेला, स्टिकर वाचला आणि ताईपाशी येऊन म्हणाला, "उक्रानिया?" युक्रेनची खूण यूए आहे, यूके नव्हे, पण त्या उन्हाळ्यात युरोपात बातम्यांना तिथल्या युद्धाशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्या तिघांचे खास सह्याद्रीतले चेहरे त्याला दिसत नव्हते असं नाही. त्यानं टोपी काढली, ताईचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलत राहिला. मग घरात जाऊन सफरचंदांची पिशवी आणि सिद्रा नावाच्या तिकडच्या दारूची बाटली घेऊन आला. भाऊजी "नो, नो, रेडिंग, रेडिंग" म्हणत होते. त्याला वाटलं असावं, आमच्या पडलेल्या गावाचं नाव रेडिंग. त्याचे डोळे भरून आले.

ताईनं भाऊजींना मराठीत गप्प केलं. बेचाळीस वर्षांपूर्वी हीथ्रोला उतरल्यावर आपला हात असा कुणी धरला नव्हता, असं ती गाडीत बसल्यावर म्हणाली, आणि पुढचे काही मैल तिनं रस्ताही सांगितला नाही. त्यामुळे आम्ही चुकलो.

परतल्यावर भाऊजींनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी आयर्लंडला जायचं. डोंगर आहेत, समुद्र आहे, गाडी डाव्या बाजूनंच चालवायची असते आणि ब्रिटनच्या गाडीला तिथं यूकेचा स्टिकर लागत नाही.