डावी पाती, उजवी पाती

पॉवर टिलरला मागे एक सीट असते. ती सीट नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. दोन्ही हँडलं धरून, ढेकळांतून अडखळत, तेरा हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनामागे चालणं हे बँकेच्या काउंटरमागे जन्म काढलेल्या माणसाचं काम नव्हे, एवढी अक्कल मला होती. पण न्हावऱ्याच्या एका गोठ्यात तो जुना टिलर उभा होता, त्याला सीट होती, सीटवर फाटकं का होईना रेक्झिन होतं, आणि बसून होणारं कुठलंही काम आपल्याला जमतंच अशी माझी नोकरीच्या काळापासूनची समजूत आहे. मी बसून पाहिलं. बसणं उत्तम जमलं. व्यवहार तिथेच ठरला.

शिरूर-चौफुला रस्त्यालगत आमची वडिलोपार्जित दोन एकर लिंबाची बाग आहे. बाग म्हणायचं ते लिंबांना बरं वाटावं म्हणून. खरं राज्य हरळीचं. आजोबांनी ती खणली, वडिलांनी खणली, आणि दोघेही हयात नाहीत, हरळी आहे. रांजणगावच्या महागणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, त्यामुळे तिला मोकळेपणी शिव्याही देता येत नाहीत. टिलर घेतला तो हिच्यासाठी. पण आणल्यावर कळलं, की त्याचे बेल्ट झिजलेत, रोटरची पाती झिजून विळ्याएवढी झालीत, ऑइल सील गळतंय, आणि ज्याला आम्ही मूळचा रंग समजत होतो तो ग्रीसचा थर आहे.

शहाण्या माणसाने मिस्त्री बोलावला असता. मी मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा टेक्सासात असतो. दर रविवारी हिरव्या लॉनमोअरवर बसून तो अंगणातलं गवत कापतो आणि आम्हाला व्हिडिओ पाठवतो. हे जे गवत तो खत घालून, पाणी पाजून, पोटच्या पोरासारखं वाढवतो, ते मी एकदा नीट निरखून पाहिलं तर ती हरळी निघाली! अस्सल हरळी. आमच्या तीन पिढ्या जिच्या मागे लागून संपल्या, तिचं बी हा माणूस डॉलर मोजून आणतो. मी काही बोललो नाही. बायकोचा भाऊ आहे. लॉनमोअरचा शोध एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने १८३० साली लावला, तोही गिरणीत कापडावरची लव कातरायचं यंत्र पाहून. १९६३ मध्ये जॉन डिअरने त्यावर बसायची सोय असलेलं ‘मॉडेल ११०’ काढलं, ही सगळी माहिती त्यानेच मला पुरवली. मीही मग त्याला ऐकवलं, की तुझ्या त्या जॉन डिअरचा ट्रॅक्टरचा कारखाना आमच्या शिरूर तालुक्यात, सणसवाडीला आहे. याचा माझ्या टिलरशी काही संबंध नव्हता, पण छाती जरा फुगली.

“दाजी, इथे मी बेल्टही घरीच बदलतो आणि पातीही,” तो म्हणाला. “काही अवघड नसतं.”

बेल्टपासून सुरुवात केली. इंजिनाची ताकद पुढे पोचवायला पुलीवर शेजारी-शेजारी व्ही-बेल्ट असतात. त्यांच्यावरचे आकडे झिजून गेले होते, म्हणून मी सौ.ची शिलाईची टेप घेतली आणि बेल्टभोवती बाहेरून फिरवून माप काढलं. बेल्टवर ‘बी ५०’ असं लिहिलेलं असेल तर बी म्हणजे जाडी-रुंदीची जात आणि पन्नास म्हणजे आतल्या बाजूची लांबी इंचांत. बाहेरून मोजलं की पावणेतीन इंच फुकटचे वाढतात, ही माहिती मला नंतर मिळाली. तो नंबर शिरूरमध्ये मिळेना, तेव्हा कुणीतरी चौफुल्याचं दुकान सुचवलं आणि मी निघालो. गळीत हंगामाचे दिवस होते. भीमेच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेलो, तसाच रांगत आलो, आणि रात्री उशिरा, डोळे लाल, शर्टावर काळे डाग अशा थाटात घरात शिरलो. सासूबाई मुक्कामाला होत्या.

“कुठे होतात इतका वेळ?” सौ.ने विचारलं.

“चौफुल्याला.”

शेगडीवरच्या दुधालाही त्या क्षणी उतू जायचं भान राहिलं नाही. चौफुला म्हणजे सोलापूर हायवेवरचा नाका. तिथे यंत्रांचे पार्ट मिळतात हे मला त्याच दिवशी कळलं, पण तिथे संगीत बारीची थिएटरं आहेत हे अख्ख्या पुणे जिल्ह्याला पूर्वीपासून माहीत आहे. मी पुरावा म्हणून पिशवीतून बेल्ट काढला. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठी?” आजतागायत त्यांचं समाधान झालेलं नाही.

बेल्ट अर्थातच सैल झाला. पुन्हा चौफुला, या वेळी सौ.ला सोबत घेऊन. दुकानदार म्हणाला, “सगळे एकदम बदला.” मला वाटलं, धंद्यासाठी बोलतोय, बँकेतली काटकसर उफाळून आली आणि मी योग्य मापाचा एकच घेतला. झालं असं, की नवा बेल्ट ताठ आणि जुने ताणून लांबलेले, त्यामुळे सगळा भार नव्यावर आणि जुने नुसते सोबतीला फिरताहेत. आमच्या शाखेत नवा क्लार्क आला की नेमकं हेच व्हायचं. दुपारपर्यंत बागेत जळक्या रबराचा वास सुटला. नवा गेला, जुने शाबूत राहिले.

मग पाती. गंजलेले नटबोल्ट निघेनात, म्हणून मी डिसमिसचा छिन्नीसारखा उपयोग केला, त्यात डिसमिस वाकला. पाना घसरून बोल्टचे कोपरे गोल झाले. जे बोल्ट निघाले त्यांचे आटे गेले. नवी पाती बसवताना बेत साधा होता: जुनं काढायचं, तिथे नवं लावायचं. या पात्यांत डावी आणि उजवी अशा दोन जाती असतात, हे दिसायला हवं होतं, कारण ती वेगवेगळ्या बाजूंना वळलेली असतात. पण मला वाटलं, वाहतुकीत काही वाकली असतील. एक-दोन मी ठोकून सरळ करायचाही प्रयत्न केला. शेवटी सगळं घट्ट बसलं, आणि डब्यात चार वायसर उरले. उरलेल्या वायसरांबद्दल मला नेहमीच कारखान्याच्या उधळपट्टीचा राग येतो.

इंजिन सुरू होईना. डिझेलची टाकी मी धुवायला म्हणून रिकामी केली होती, त्यामुळे नळीत एअर धरली होती. ती काढायला नळीचा बोल्ट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं असतं. मी त्याऐवजी हँडल मारत राहिलो. डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून हँडल गरगर फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा, असा तो विधी. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल अंगठा घेऊन जातं, हे मला बांधावरून आबांनी ओरडून सांगितलं. आबा शेजारचे शेतकरी. माझी दुरुस्ती चालू झाल्यापासून त्यांनी दुपारची झोप सोडली होती.

पहिला पाऊस होऊन वाफसा आला त्या सकाळी आबांनीच एअर काढून दिली, इंजिन धडधडू लागलं आणि मी सीटवर बसलो. निम्मी पाती माती कापत होती, उरलेली पाठीने तिला थोपटत होती, आणि प्रत्येक फेऱ्याला टिलर खालून मला उचलून आपटत होता. तरी मी चाललो होतो! बागेच्या टोकाला जमीन ओढ्याकडे उतरते. तिथे डावीकडे वळायचं म्हणून मी डावा क्लच दाबला. सपाटीवर डावा दाबला की डाव्या चाकाची ओढ तुटते आणि टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र इंजिन चाकांना मागे धरून असतं. डावा दाबला की डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे जातो. तो उजवीकडे निघाला, म्हणून मी डावा आणखी जोरात दाबला. तो आणखी उजवीकडे गेला. उजवीकडे आबांचा उकिरडा होता.

आबा शांतपणे आले, मला हात देऊन बाहेर काढलं आणि म्हणाले, “साहेब, खत विस्कटायला माणूस मी सांगितलाच होता. तुम्ही कशाला तसदी घेतली?”

शेवटी दौंडहून मिस्त्री आला. त्याने टिलरभोवती एक फेरी मारली, खाली वाकून रोटर पाहिला, आणि विचारलं, “याला आधी कुणी हात लावला होता?”

“काय की,” मी म्हणालो. “जुनाच घेतलाय.”

आबा बांधावर खोकले.

मिस्त्रीने बेल्ट सगळे बदलले, पाती डावी-उजवी करून लावली, आटे गेलेले बोल्ट फेकले, आणि माझे चार वायसर मागून घेऊन एकेक त्यांच्या जागी बसवले. मग मी बाग अशी भुसभुशीत करून काढली की आबांनीही मान डोलावली. हरळीचं मूळ दिसेना. दिसणार कसं? हरळी मारायची तर उन्हाळ्यात खोल नांगरून काशा उन्हात वाळवायच्या आणि वेचून जाळायच्या. मी ऐन पावसात, धारदार पात्यांनी, तिचे बोटा-बोटाएवढे तुकडे करून दोन एकरांत सारखे पेरले होते, आणि तिच्या प्रत्येक पेऱ्याला फूट येते. श्रावणात लिंबांखाली असा गालिचा पसरला की मेहुण्याने व्हिडिओ पाहून बी कुठल्या कंपनीचं म्हणून विचारलं.

मिस्त्री पैसे न्यायला आला तो नेमका संकष्टीचा दिवस. पैसे मोजून घेतल्यावर त्याने पिशवी काढली, खाली बसून दूर्वांच्या जुड्या खुडल्या, घरच्यासाठी, मेहुणीसाठी, गल्लीतल्या दोघांसाठी, आणि पिशवी गाडीला अडकवत म्हणाला, “साहेब, पुढच्या वर्षीही टिलर तुम्हीच चालवा.”