समकक्ष जावई

“मावशी, कोपऱ्यावरच्या घरी काल पाहुणे येऊन गेले ना? जमलं का?”

“कसलं जमतंय! मुलगा महावितरणात, लाइनवर. नोकरी पक्की, सिन्नरकडे दोन एकर बागायत. पण मुलीच्या आईनं बायोडाटा वाचला आणि तिथंच अडली. म्हणे, ‘बारावी समकक्ष म्हणजे काय? बारावी आहे की नाही?’”

“मग?”

“मुलाच्या मामानं सांगितलं गं. दहावीवर दोन वर्षांचं आयटीआय, वर बोर्डाचे भाषेचे पेपर दिले की बारावीच्या बरोबरीचं धरतात. डिप्लोमाला तर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. पण बाईंचं आपलं एकच, ‘म्हणजे कॉलेज नाहीच!’”

“एकलहऱ्यात राहून असं म्हणायचं? निम्मं गाव थर्मल वीजकेंद्राच्या पगारावर उभं राहिलं. १९७९ ते ८१ मध्ये इथं २१० मेगावॉटचे तीन संच आले, तेव्हा आमचे सासरे सातपूर आयटीआयचे फिटर म्हणून चिकटले. त्यांना कुणी बारावी विचारली नाही.”

“विचारणार कोण? बारावीच मुळी नुकती निघालेली तेव्हा!”

“ते पण खरंच. आणि हिची लेक काय करते?”

“बी.कॉम. झाली. बँकेच्या परीक्षा देतेय. देऊ दे बापडी. पण गंमत तर पुढंच आहे. मुलगा २०१९च्या भरतीतला. विद्युत सहायकाच्या पाच हजार जागा निघाल्या होत्या बघ.”

“हो, आमच्या भाच्यानं भरला होता फॉर्म. इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमनचं आयटीआय हवंच होतं, पण मेरिट लागलं दहावीच्या टक्क्यांवर! खांबावर चढायला इतिहास-भूगोलाचे मार्क. भाचा वायरिंगमध्ये पक्का, पण दहावीला छप्पन्न टक्के. बसला घरी.”

“अगं, २०२३ला ५३४७ जागा काढल्या, तेव्हा ऑनलाइन परीक्षा घेतली की.”

“तोवर त्यानं दुकान टाकलं, मोटारी भरायचं. उन्हाळ्यात जेवायला सवड नसते त्याला. पण मावशी, म्हणजे या मुलाला दहावीला चांगले मार्क असणार!”

“एक्क्याण्णव टक्के! मामानं मार्कशीटच काढून दाखवली.”

“मग तरी बाई गप्प बसल्या असतील.”

“छे! म्हणाली, ‘एवढे मार्क होते, तर आयटीआयला गेला कशाला?’”