आधीच रडून बसलेला चाहता

फुटबॉलपटू सुनील छेत्रीनं आंतरराष्ट्रीय निवृत्ती मागे घेतली, त्याचा सर्वांत मोठा फटका आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना बसला. ते आधीच रडून बसले होते.

या जातीचा चाहता प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. खेळापेक्षा खेळाडूचा निरोप त्याला प्यारा. सामन्यात गोल होईलच याचा भरवसा नाही. निरोपाला डोळे हमखास भरून येतात. वानखेडेवरच्या सचिनच्या भाषणाला हे गृहस्थ रडले. फेडररच्या निरोपालाही रडले, टेनिसमध्ये पंधरा, तीसनंतर एकदम चाळीस का, हे अजून कळलेलं नसताना. ६ जून २०२४ ला सॉल्ट लेक स्टेडियमवर छेत्री कुवेतविरुद्ध शेवटचा खेळला. सामना शून्य-शून्य. यांनी पाहिली ती फक्त शेवटची मानवंदना. रात्री स्टेटस पडलं : '१५१ सामने, ९४ गोल. एक युग संपलं.' शेजारी पणतीचं चित्र. दोन नातेवाइकांचे तर चौकशीचे फोन आले, कोण गेलं म्हणून.

मार्च २०२५ मध्ये बातमी आली, चाळिशीचा छेत्री परत येतोय. २०२४ च्या अख्ख्या वर्षात भारतानं एकही सामना जिंकला नव्हता. गोल मारायला माणूस नाही, आणि इंडियन सुपर लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल याच निवृत्त माणसाचे. तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ दुसरं काय करणार?

गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. "म्हणजे आम्ही रडलो ते फुकट?"

"अहो, संघाला गरज आहे."

"असेल. पण आरती झाल्यावर सत्यनारायणाचा पहिला अध्याय पुन्हा काढतात का?"

मी मेस्सीचा दाखला दिला. २०१६ मध्ये त्यानंही निवृत्ती जाहीर केली, अर्जेंटिनात लोक रस्त्यावर उतरले, आणि दीड-दोन महिन्यांत गडी परत. पुढे २०२२ ला विश्वचषक उचलला.

"त्याच्या वेळी मी कुठे रडलो होतो?" ते म्हणाले.

मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला : एवढ्या मोठ्या देशात दुसरा स्ट्रायकर नाही? प्रश्न खरा आहे. आपले क्लब ती जागा बहुतेक परदेशी खेळाडूंना देतात, मग पोरं शिकणार कुठे? पण हे सांगेपर्यंत त्यांचा मजला आला होता.

१९ मार्चला शिलाँगमध्ये भारतानं मालदीवला ३-० हरवलं. छेत्रीनं हेडरनं ९५ वा गोल मारला. गृहस्थांचं स्टेटस : 'वाघ परतला!' सहा दिवसांनी बांगलादेशशी शून्य-शून्य बरोबरी झाली. "म्हणून सांगत होतो, माणसानं वेळेवर थांबावं." खेळाडूचं मन नऊ महिन्यांत एकदा बदललं, यांचं आठवड्यात दोनदा.

आमची सोसायटी अंधेरीत आहे. जून २०१८ मध्ये इथल्याच मैदानावर छेत्रीच्या हॅटट्रिकच्या जोरावर भारतानं चायनीज तैपेईचा ५-० फडशा पाडला, तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यानं व्हिडिओतून हात जोडले : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना, त्याचा शंभरावा, भर पावसात हाउसफुल्ल झाला. गृहस्थ घरीच होते. पाऊस होता ना! छेत्री परतल्यावर मात्र, त्याच्या पुढच्या निरोपाला नीट खात्री करूनच रडायचं, असं त्यांनी ठरवलं.