स्वॅपचा उतारा
१ जीबी रॅमचा सर्व्हर कोलमडला की सल्ला ठरलेला: स्वॅप वाढवा. म्हणजे अंथरूण आखूड पडलं की पाय डिस्कवर पसरायचे! अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत मूळ मर्यादाच २५६ प्रक्रियांची. प्रत्येकीने पीएचपीसकट ४० एमबी खाल्ले तर १० जीबी लागतील. मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जाड प्रक्रिया शोधून मारतं. बळी बहुधा मायएसक्यूएल डेटाबेसचा. खरे खादाड, म्हणजे अपाचेच्या प्रक्रिया, सुटतात, कारण त्यांचं पाप गर्दीत वाटलेलं असतं. स्वॅप अगदीच निरुपयोगी नाही, क्षणिक लोंढा तो झेलतो. पण लोंढा रोजचाच असेल तर साइट मरत नाही, नुसती रांगते, आणि त्यालाच दुरुस्ती म्हणायचं. प्रक्रियांची मर्यादा १५ वर आणणं फुकट आहे. म्हणूनच ते कुणाला पटत नसावं. सर्व्हरचा मोठा प्लॅन घेतला की निदान पावती तरी मिळते.