कणीक लागली शाईला

आणखी एक हरणारं भजनी मंडळ पडद्यावर जिंकलं. अभिनंदन.

रुसलेला पेटीवाला, मुंबईहून परतलेला नि बाटली सोडू पाहणारा बुवा, भजनाला विरोध करणारा सरपंच आणि शेवटी झांज वाजवणारा त्याचाच मुलगा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. गोष्ट सांगत नाही. मला बोलायचंय ते कणकेबद्दल.

मध्यंतराच्या जरा आधी नायक ओटीवर बसून कणीक मळतो. मावळतीचं ऊन, मागे माड, पुढ्यात दिवंगत वडिलांचा पखवाज. डोळ्यांतलं पाणी परातीत पडतं, त्यामुळे वेगळं पाणी घ्यावं लागत नाही. मग तो गोळा उचलतो आणि उजव्या पुडीवर थापतो. शाईवर! थिएटरात टाळ्या.

कणीक डाव्या पुडीला लावतात हो, धुम्याला. ओल्या कणकेनं चामडं जड होतं, आवाज खाली उतरून घुमायला लागतो. वाजवून झालं की खरवडून काढायची. उजवीकडची शाई म्हणजे लोखंडाचा कीस खळीत घोटून थरावर थर चढवलेला, तासन् तास घासलेला. ती सुरात बोलते. तिच्यावर ओला गोळा थापणं म्हणजे पुडीचं तेरावं घालणं. इथे मात्र गोळा बसताक्षणी पखवाज असा काही घुमतो की गोठ्यातली म्हैस मान वर करते.

पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही. मी कणकेतच अडकलो. सेटवर दोनेकशे माणसं असणार. नायकाच्या कपाळावर घाम फवारायला वेगळा माणूस, माडाची झावळी हलवायला वेगळा. कणीक कोणी मळली? पडद्यावर ती पांढरीशुभ्र होती, म्हणजे मैदाच. मळणाऱ्यानं कुठे लावायची हे विचारलं असेल का? दिग्दर्शकानं ‘कॅमेऱ्याच्या बाजूला’ असं सांगितलं असेल का? मुख्य म्हणजे नायकाच्या मागे, अस्सलपणासाठी बसवलेली, खरीखुरी भजनी मंडळी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याची बोटं आपोआप चालत होती, म्हणजे पखवाजी. तो गोळ्याकडे ज्या नजरेनं बघत होता तेवढा एकच अभिनय या सिनेमात खरा आहे. ‘अरे झिला, ती डाव्या बाजूक लावतत,’ असं तो बोलला असणारच. आणि ‘काका, इकडे बघू नका, शॉट चालू आहे,’ असं त्याला कोणीतरी गोड आवाजात सांगितलंही असणारच.

शेवटची डबलबारी साडेतीन मिनिटांत आटोपते. खरी रात्र खाते. दोन बुवा समोरासमोर, आळीपाळीनं बारी, गजर चढत जातो, एकानं चिमटा काढला की दुसऱ्यानं पुढच्या बारीत तो व्याजासकट फेडायचा, कोरसाचे घसे बसतात, पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. पडद्यावर बुवांनी तोंड उघडलं आणि कुठूनतरी चाळीस व्हायोलिनं आली. परीक्षकानं चष्मा पुसला. संपलं.

तेही चालवून घेतलं असतं. पण अनोळखी आवाजांना न्याय द्या, असं सव्वादोन तास ओरडणाऱ्या या सिनेमात त्या खऱ्या मंडळींचा आवाजच नाही! गायलेत स्टुडिओतले तयार गळे, वर यंत्रानं सूर घासूनपुसून. जिंकल्याचं गाणं त्यांना दिलं नाही, समजू शकतो. पण पूर्वार्धातलं बेसूर गाणंही स्टुडिओतल्याच गायकांनी गायलंय. अरे, निदान बेसूर तरी त्यांना गाऊ द्यायचं होतं! त्यांना मिळालं काय, तर धोतर, ते संध्याकाळी परत करायचं, आणि वडापाव.

पडद्याबाहेरही तेच. एकेकाळी मुंबईच्या गिरणगावात, परळमध्ये, पाळी संपवून आलेले कोकणातले कामगार दहा बाय बाराच्या खोलीत पेटी मांडून बसत तेव्हा शेजारी दार उघडं ठेवून ऐकत. 1982च्या संपानंतर गिरण्यांची धुगधुगी संपत गेली, जमिनींवर टॉवर आले, टॉवरला क्लब हाऊस आलं. तिथे सरावाला जागा मागून बघा. योगा चालतो, झुंबा चालतो, कुत्र्याचा वाढदिवस चालतो. भजन? ‘नियमावलीत बसत नाही.’ गच्चीवर बसलात तर आठव्या मिनिटाला सुरक्षारक्षक वर येतो, आणि त्याला वर पाठवणारं कुटुंब कालच या सिनेमाला जाऊन ढसाढसा रडून आलेलं असतं. त्यांनी ग्रुपवर पाच तारे दिलेत आणि खाली लिहिलंय, ‘आपली संस्कृती जपायला हवी.’ जपा ना मग! लिफ्टशेजारची ती बंद खोली उघडून द्या आठवड्यातून एकदा!

दुसरा भागही येतोय. त्यात मंडळ लंडनला जातं म्हणे. जा बाबांनो. परळमध्ये तुम्हाला बसायला जागा नाहीच.