शंभर नंबरी

शंभर नंबरी हा शहरी महाराष्ट्रात, त्यातही पुण्यात, पेट्रोल पंपाच्या आसपास आढळणारा इसम असून १०० ऑक्टेनच्या खालच्या पेट्रोलला तो पेट्रोल मानत नाही. वय पंचवीस ते पन्नास. वाहन बहुधा एकशेदहा सीसीची स्कूटर, नाहीतर हप्त्यावर घेतलेली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. इटालियन सुपरबाइकवाले या नोंदीत येत नाहीत. त्यांच्या इंजिनाला ऑक्टेनची खरोखरच गरज असते, आणि गरजेपोटी घेणारा शंभर नंबरी ठरत नाही, नुसता गिऱ्हाईक ठरतो.

१ डिसेंबर २०२० पूर्वी ही जमात विखुरलेली होती. त्या दिवशी इंडियन ऑइलने 'एक्सपी १००' बाजारात आणले. मथुरेच्या रिफायनरीत कंपनीच्या स्वतःच्या 'ऑक्टामॅक्स' तंत्राने तयार होणारे हे पेट्रोल पहिल्या टप्प्यात ज्या दहा शहरांना मिळाले, त्यांत मुंबई आणि पुणे होते. दिल्लीत तेव्हा त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. साधे ८२च्या घरात. मथुरेहून येणाऱ्या वस्तूंत पेढ्यांच्या खालोखाल मान पुण्यात याच पेट्रोलला मिळाला. जवळपास दुप्पट भाव ही शंभर नंबरीच्या लेखी अडचण नव्हतीच. स्वस्त असते तर त्याने त्याच्याकडे पाहिलेही नसते.

शंभर सगळीकडे मिळत नाही, म्हणून सात-आठ किलोमीटरवरचा पंप गाठावा लागतो. जाण्यायेण्यात जे जळते त्याचा हिशेब ठेवायचा नसतो. पंपावर तो गाडी मेन स्टँडला लावतो, सीट उघडतो आणि म्हणतो, "शंभर टाका."

"शंभरचं ना?"

"शंभरचं नाही. शंभर."

"तेच म्हणतोय ना दादा. झिरो बघा."

तोवर साधे पेट्रोल टाकीत पडलेले असते. शंभर रुपयांत हल्ली लिटरही भरत नाही, पण प्रश्न पैशांचा नसतो. टाकी बाटलेली असते. मागचा रिक्षावाला हॉर्न देत असताना शंभर नंबरी तिथेच मोबाइलवर सरासरी काढतो. आधीचे दोन लिटर शंभरचे, त्यात पाऊण-एक लिटर एक्क्याण्णवचे, म्हणजे साधारण सत्त्याण्णव. पुढचे तीन दिवस तो सत्त्याण्णववर चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने हिंडतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद, ही त्याची श्रद्धा. वस्तुतः तो आकडा पेट्रोलची सहनशक्ती सांगतो. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले की तापते. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपणहून भडकले, तर इंजिन ठोकू लागते आणि चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा दाब जास्त सोसते, इतकेच. आकडा काढण्यासाठी एका सिलिंडरचे खास इंजिन असते आणि त्याचे कॉम्प्रेशन चालत्या इंजिनात कमीजास्त करता येते. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरतात, मग नमुन्याचे पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखे ठोकते ते पाहतात. आपल्याकडे सांगितला जाणारा 'रॉन' आकडा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात हे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेते. सिग्नलला नुसत्या उभ्या असलेल्या स्कूटरचे इंजिनही याच्या दुपटीहून जास्त फिरत असते. वेगाच्या भक्ताने ज्या आकड्यावर जीव टाकावा, तो असा रमतगमत काढलेला असतो.

बीएस-सहाच्या मूळ मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ आणि प्रीमियमला ९५ ऑक्टेन लागत असे. कॉम्प्रेशन दहास एकच्या आसपास असलेल्या स्कूटरचे ९१वर उत्तम चालते. शंभर घातल्याने ती एक केसही पुढे सरकत नाही. टर्बो गाडी असेल, नॉक सेन्सर असेल, शिवाय रिमॅप केलेली असेल, तर गाडीतला संगणक ठिणगी थोडी आधी पाडतो आणि फरक पडतो. स्कूटरमध्ये तो मालकाला पडतो. "पिकअप बघ आता," असे म्हणून तो मित्राला मागे बसवतो आणि डेक्कनच्या सिग्नलला तीन वेळा लाल दिवा लागेपर्यंत दोघे पिकअपची वाट बघत बसतात.

या काळात तो स्पिटफायरची गोष्ट सांगतो. १९४०च्या लढाईत ब्रिटिश विमाने शंभर ऑक्टेनवर उडत होती, हे खरे आहे. अमेरिकेतल्या आतेभावाशी त्याचा वादही ठरलेला: "तुमच्याकडे प्रीमियमसुद्धा एक्क्याण्णवच?" तिथे पंपावर रॉन नव्हे, तर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. ती चार-पाच अंकांनी कमी भरते, त्यामुळे तिथले ९१ म्हणजे इथले ९५-९६. आतेभावाला हे माहीत नसते, म्हणून वाद टिकून आहे.

पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यापासून जमातीत नवी भरती झाली. शंभरात इथेनॉल नसते, या खात्रीवर नवे सभासद येतात. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराहून जास्त असतो आणि त्याच्यामुळेच साध्या पेट्रोलचा आकडा वर सरकला आहे, हे त्यांना सांगून पाहण्यात अर्थ नाही. अवघड जागी दुखणे वेगळेच आहे. शंभर नंबरीचे काका बहुधा कोल्हापूर किंवा बारामतीकडचे असतात. त्यांचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथलेच इथेनॉल टँकरने डेपोत पोचते. दिवाळीत काका साखरेची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, "काय रे, आमचं तेल चांगलं चालतंय ना गाडीत?" शंभर नंबरी चकली तोंडात ठेवून मान हलवतो. घराण्याचा ऊस टाकीत नको आणि साखर मात्र चालते, हे बोलून दाखवण्याइतका तो धीट नसतो.

पंपावरचे शंभर भारतीय मानकातले असल्याने रस्त्यावर पूर्ण कायदेशीर आहे. हीच गोष्ट मुरलेल्या शंभर नंबरीला खुपते. जे कोणालाही मिळते त्यात मजा कसली? मग तो रेसिंग फ्युएलच्या मागे लागतो. कोणीतरी कोइम्बतूरच्या ट्रॅकवरून कॅन आणतो, कोणाचा मेहुणा विमानतळावर असतो. छोट्या विमानांचे निळे '१०० एलएल' हे पेट्रोल शिशाचे असते, आणि शिशाचे पेट्रोल भारतातल्या वाहनांसाठी फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. शिसे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला विषासारखे लागते, ऑक्सिजन सेन्सरही जातो, आणि पुढची पीयूसी काढताना पंपाशेजारच्या टपरीतला पोरगा नळी बाहेर काढून तिच्याकडे आणि मग मालकाकडे बघतो. थिनर मिसळून घरीच रेसिंग फ्युएल करणाऱ्यांसाठी २०००चा सॉल्व्हंटविषयक आदेश आहे. 'वाहनांतील वापरास प्रतिबंध' हे शब्द त्याच्या नावातच घातलेले आहेत. आतली कलमे वाचण्याचे कष्टही वाचतात.

कॅनचे म्हणाल, तर १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंत बाळगता येते. पात्र धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंत, काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, आणि झाकण घट्ट. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा या यादीत उल्लेख नाही. शंभर नंबरीची पहिली पसंती मात्र तीच. कॅन रेल्वेने आणला तर १९८९च्या रेल्वे कायद्याचे कलम १६४ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतके करून हायवेवर शर्यत लावलीच, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ टाकीत काय आहे हे विचारत नाही.

तसे प्रकरण फार क्वचित तिथवर जाते. बहुतेक शंभर नंबरी दोन-तीन वर्षांत थंडावतात. लग्न होते, शाळेची फी येते, आणि गाडी विकायला निघते. जाहिरातीत तो लिहितो: सिंगल हँड, एकदाही साधे पेट्रोल टाकलेले नाही. बघायला आलेला माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, टायर दाबतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" उत्तर ऐकून दोन हजार कमी करून घेतो, आणि कोपऱ्यावरच्या पंपावर शंभरचे साधे टाकून घरी जातो.